मान्यतेच्या खोलीतले तीन स्कर्ट

आर्डिथ व्लासाक माणसाकडे खालून वर बघते. आधी पँटची दुमड, मग बाह्यांची कड, मग गळपट्टी, आणि वेळ उरला तर चेहरा. आमच्या मार्टिनेक गावात नवे पाद्री आले, तेव्हा पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात तिने त्यांच्याशी हात मिळवला. नंतर फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या बाईंना माझं काहीतरी खटकलेलं दिसतंय." मी म्हटलं, "फादर, तुमच्या झग्याची डावी बाही उसवलीय. बाकी तुमच्याबद्दल त्यांचं मत चांगलं आहे." पुढच्या रविवारी बाही शिवलेली होती. कोणी शिवली हे फादरनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तिचा नवरा एमिल धान्याच्या कोठारावर तीस वर्षं काम करून निवृत्त झाला. त्याची तक्रार एकच. "माझ्या पँटला गुडघ्यावर ठिगळ आहे, पण ते ठिगळ आहे हे मलाही सापडत नाही. कोठारावर लोक विचारायचे, एमिल, तू काम करतोस की नुसता उभा असतोस?"

मी गावातल्या हायस्कूलमध्ये मुलींना गृहविज्ञान शिकवायची. त्यातल्या ज्यांना पुढे शिकायचं असे त्या टेकडीवरच्या स्टेट कॉलेजात जायच्या आणि तिथे त्यांची गाठ आर्डिथशी पडायची. सुट्टीत भेटायला आल्या की मला म्हणायच्या, "बाई, तुम्ही फार प्रेमळ होतात." ही माझी स्तुती नव्हती, ती आर्डिथबद्दलची बातमी होती.

आर्डिथ तिथे कपडे शिवायला शिकवायची. चौदा मशीन, सहा लांब टेबलं, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या. चूक दाखवायला तिने कधी लाल पेन वापरलं नाही. सुईत लाल दोरा ओवायची आणि जिथे चूक असेल तिथे एक सैल टाका घालून दोरा लोंबता ठेवायची. दहा चुका असल्या की स्कर्टला खालून दहा लाल मिशा. मुलीने तो घरी न्यायचा, एकेक दोरा काढायचा, त्या जागचं उसवायचं, पुन्हा शिवायचं आणि परत आणायचा. त्या लाल खुणेपलीकडे आर्डिथ स्वतः मुलीच्या कामात टाका घालायची नाही. रडून डोळे सुजलेली मुलगी समोर उभी राहिली तरी ती रुमाल द्यायची, सुई हातात घ्यायची नाही. "मी शिवलं तर माझं काम होईल," ती म्हणायची, "माझं काम मला येतं."

ती डावखुरी आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. शाळेत नन्सनी तिचा डावा हात पाठीशी बांधून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, म्हणून ती लिहायची उजव्यानेच. सुई मात्र आईने घरी हातात दिली. आई म्हणाली होती की कुठल्या हाताने धरलंय हे सुईला कळत नाही. तेव्हापासून शिवण डाव्या हाताचं, सही उजव्या हाताची.

सगळं घडलं पंच्याण्णव सालच्या ऑक्टोबरात. नुकतंच देशभर विषयाचं नाव बदललं होतं. गृहविज्ञान या शब्दाला जुनाट वास येतो असं कुठल्याशा बैठकीत ठरलं, आणि आमच्याकडेही दारावरची पाटी जाऊन तिथे 'कुटुंब व ग्राहक विज्ञान विभाग' अशी पाटी आली. ती दारापेक्षा चार बोटं लांब होती. एमिलने ती पाहून विचारलं, "आणि आत काय बदललं?" आर्डिथ म्हणाली, "दोन मशीनचे पट्टे."

नाव बदललं तरी मान्यता नव्याने मिळवावी लागणार होती. दर दहा वर्षांनी बाहेरच्या परिषदेची समिती येते, दोन-अडीच दिवस राहते, अभ्यासक्रम तपासते, मुलींना भेटते, आणि हा विभाग पदवी देण्याच्या लायकीचा आहे की नाही ते ठरवते. या वेळी त्यावर बरंच अवलंबून होतं. कॉलेजच्या डीननी सरळ सांगून टाकलं होतं: पूर्ण मान्यता मिळाली तर शिवणाची खोली राहील, मान्यता लांबणीवर पडली तरी ती खोली कंप्युटरसाठी व्यवस्थापन शाखेला जाईल. हे सांगून झाल्यावर ते लगेच खिडकीची रुंदी मोजायला लागले. आर्डिथने त्यांच्या कोटाकडे खालून वर पाहिलं. निवृत्तीला तिची तीन वर्षं उरली होती. मशीन अडगळीत गेलेली बघून तिला घरी जायचं नव्हतं.

विभागप्रमुख होती जनेल ऑल्टमन, ओहायोहून आलेली, वय अडतीस, हुशार आणि सतत दमलेली. तिने दोन वर्षं खपून स्वमूल्यमापनाचा अहवाल लिहिला होता. अहवाल तीनशे चौदा पानी. समितीसाठी एक खोली पुराव्यांनी भरली होती: अभ्यासक्रमाच्या फायली, बालवाडीतल्या मुलांच्या नोंदी, आहाराचे तक्ते, आणि भिंतीलगत एका दांडीवर तीन राखाडी लोकरी स्कर्ट. परिषदेचा नियम असा की प्रत्येक विषयातलं मुलींचं काम तीन पातळ्यांचं ठेवायचं: उत्तम, मध्यम आणि कच्चं. प्रत्येकाला गुणपत्रक टाचलेलं. मुलींनी चुका दुरुस्त करायच्या आधीच जनेलने ते स्कर्ट काढून घेतले होते, कारण नंतर आर्डिथच्या मुलींचं कच्चं काम सापडणं अवघड होतं.

"कच्चं कशाला लावायचं?" आर्डिथने विचारलं होतं.

"कारण तुम्ही कच्च्याला कच्चं म्हणता का, हे त्यांना बघायचंय."

"गुणपत्रकावर लिहिलंय की मी."

"आर्डिथ, प्लीज. त्या खोलीतल्या कशालाही हात लावू नका. आणि खायलाही काही आणू नका. कॉफी आणि पाणी, बस्स. भेट दिल्यासारखं दिसतं."

दुसरा नियम आर्डिथला पहिल्यापेक्षा जड गेला. तीन परक्या बाया-माणसांनी हजार मैलांवरून यायचं आणि आपण त्यांच्यापुढे पाण्याचा जग ठेवायचा. तिने शनिवारी चार डझन कोलाचे, मध्ये जर्दाळू भरलेले गोड पाव, आधीच भाजून ठेवले होते. एमिलला ते सकाळ-संध्याकाळ खावे लागले. बुधवारपर्यंत तो म्हणाला, "मला मान्यता मिळाली, आता पुरे."

पण नियम मोडला तो खाण्याचा नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर, समिती यायच्या आदल्या दुपारी, आर्डिथ एकदा सगळं जागेवर आहे ना ते बघायला टेकडीवर गेली. पुढचं तिनेच मला सांगितलं. खोली स्वच्छ होती, फायली रांगेत होत्या. आणि दांडीच्या टोकाला डार्सी हॅवलिकचा स्कर्ट होता, कच्चं काम म्हणून लावलेला. डार्सी शेतकऱ्याची पोर, हात दणकट. ट्रॅक्टरचं इंजिन खोलून पुन्हा बसवायची, पण सुई तिच्या बोटांत सापडायची नाही. तिला शाळेत गृहविज्ञान शिकवायचं होतं, म्हणून शिवणाचा पेपर तिला टळत नव्हता. त्या स्कर्टच्या खालच्या दुमडीला अकरा लाल दोरे लोंबत होते. दुमड एका जागी वर, एका जागी खाली, नांगरटीच्या वेळी बैल बुजल्यासारखी.

आर्डिथने आधी फक्त लाल दोरे काढले. पाहुण्यांसमोर ते बरे दिसत नव्हते. दोरे काढल्यावर दुमड आणखी वाईट दिसायला लागली. मग तिने ती उसवली आणि शिवली. डार्सीचा झाल्यावर शेजारचा मध्यम स्कर्ट त्याच्यापुढे गबाळा वाटायला लागला, म्हणून तोही केला. आणि दोन्ही इतके नीट झाल्यावर उत्तम म्हणून लावलेल्या तिसऱ्यात एक झोळ दिसला, जो तिला इतके दिवस दिसला नव्हता, म्हणून त्याचीही दुमड उसवून पुन्हा घातली. साडेचारला ती उठली, धाग्याचे तुकडे वेचले, दिवा बंद केला आणि घरी जाऊन भाजीत मीठ घालायला विसरली. लाल दोरे सोडले तर एकतीस वर्षांत मुलीच्या कपड्याला तिने घातलेले ते पहिले टाके.

गुणपत्रकं तिने बदलली नाहीत. ते तिला सुचलंच नाही. गुण खरेच होते.

समितीत तिघं होते. प्रमुख डॉ. कोरली व्हिटकम, दक्षिणेकडच्या, हळू बोलणाऱ्या, वस्त्रशास्त्राच्या प्राध्यापक. दुसरे डॉ. हॅस्केल, घरखर्चाचं अंदाजपत्रक शिकवणारे उंच गृहस्थ. तिसऱ्या बाई बालविकासाच्या. त्या बहुतेक वेळ बालवाडीत जमिनीवर बसूनच होत्या. मी विभागाच्या सल्लागार मंडळावर होते, म्हणून पाहुण्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं काम माझ्याकडे. सोमवारी दहाला मी त्यांना पुराव्यांच्या खोलीत नेलं.

व्हिटकमबाई थेट स्कर्टांकडे गेल्या. डार्सीचं गुणपत्रक वाचलं: दुमड असमान, टाके बाहेरून दिसतात, अकरा ठिकाणी दोष, सी मायनस. मग स्कर्ट उलटा केला. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिल्या. मग तो हॅस्केलांच्या हातात दिला.

"यात काय चुकलंय, सांगा बरं."

"मला चुकलेलं कळत असतं," हॅस्केल म्हणाले, "तर बायकोने घरातले पडदे माझ्याकडे दिले असते."

"काहीच चुकलेलं नाही. आणि याला सी मायनस दिलंय."

"मग उत्तमला काय द्यायला हवं होतं त्यांनी? जमीन?"

व्हिटकमबाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिलेलं मला दिसलं नाही, पण ओळी चार होत्या.

मी बाहेर आले तर जनेल कॉफीच्या किटलीपाशी उभी होती. मी तिला ऐकलेलं सांगितलं.

"लोइस," ती म्हणाली, "शुक्रवारी तू पाहिला होतास ना तो स्कर्ट?"

"पाहिला होता."

"मग?"

"शुक्रवारी तो असा नव्हता."

जनेलने कप खाली ठेवला. "म्हणजे आता आमच्याकडे एक तर मास्तरीण अन्यायी आहे, नाहीतर पुरावा खोटा आहे. यातलं कुठलं बरं?"

आर्डिथ तेव्हा वर्गात होती आणि जनेलला पुढच्या पाच मिनिटांत डीनबरोबर बसायचं होतं.

दोन वाजता समितीने मुलींना भेटायला बोलावलं. तिथे मला प्रवेश नव्हता. काय झालं ते डार्सीने नंतर सांगितलं. व्हिटकमबाईंनी स्कर्ट तिच्यापुढे ठेवून विचारलं, "हा तुझा?"

"कापड माझं," डार्सी म्हणाली. "कंबरपट्टी माझी, चेनही माझीच. खालचं माझं नाही."

"कशावरून?"

"माझं खालचं इतकं वाईट होतं की आईने फोटो काढला होता. अकरा दोरे होते. मला पाठ आहेत."

"मग बाईंनी नीट करून दिलं असेल."

यावर सगळ्या मुली हसल्या म्हणे. डार्सी म्हणाली, "व्लासाकबाई? मॅडम, मी विहिरीत पडले तर बाई दोर टाकतील. पण गाठ मलाच मारायला लावतील."

चार वाजता शिक्षकांची बैठक होती. पाच शिक्षक, समितीतले तिघं, मी दाराशी पाण्याचा जग घेऊन. व्हिटकमबाईंच्या मांडीवर तिन्ही स्कर्ट होते.

"माझा एक साधा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "या तीन मुलींपैकी डावखुऱ्या किती?"

जनेलला माहीत नव्हतं. आर्डिथ म्हणाली, "एकही नाही."

"हा फुलीचा टाका उजव्या हाताची बाई डावीकडून उजवीकडे घालत जाते. इथे तिन्ही दुमडी उजवीकडून सुरू झाल्यात. फुल्या उलट्या पडल्यात. तीन मुली, तिघी उजव्या हाताच्या, आणि तिघींचा टाका डावा."

आर्डिथ उठून उभी राहिली. वर्गात मुली उत्तर द्यायला उभ्या राहतात तशी.

"मी शिवल्यात. काल, चर्चनंतर."

"तुम्ही? सकाळी तर तुम्ही उजव्या हाताने सही केलीत."

"लिहायला नन्सनी शिकवलं. शिवायला आईने."

"आणि हे का केलंत?"

आर्डिथला खरं कारण द्यायचं होतं, आणि खरं कारण एकच होतं. "पाहुणे येणार होते," ती म्हणाली.

हॅस्केलांना खोकला आला. बालविकासाच्या बाईंनी मान खाली घातली. व्हिटकमबाईंचा चेहरा मात्र तसाच राहिला. त्यांचंही आयुष्य याच विषयात गेलेलं. पाहुणे येणार म्हणून त्यांनीही कधी ना कधी कपाटात काहीतरी कोंबून दार लावलं असणारच. पण त्या इथे समिती म्हणून आल्या होत्या.

"व्लासाकबाई, हे मला हसण्यावारी नेता येणार नाही. पुराव्यात बदल झाला असं लिहावं लागेल."

"लिहा. पण जनेलचं नाव त्यात घालू नका. तिने हात लावू नका म्हणून बजावलं होतं."

"दोनदा," जनेल पुटपुटली.

"दोनदा," आर्डिथ म्हणाली.

"अडचण वेगळीच आहे," व्हिटकमबाई म्हणाल्या. "तुम्ही काय शिवता ते आम्ही पाहिलं. मुली काय शिवतात आणि तुम्ही त्यांना काय शिकवता, ते पाहिलंच नाही. जे पाहिलं नाही त्याला मान्यता कशी द्यायची?"

हॅस्केल म्हणाले, "यांचा उद्या सकाळी वर्ग नाही का? वेळापत्रकात नऊचा दिसतोय."

तसं ठरलं. मंगळवारी नऊ वाजता डार्सीने समितीसमोर नवी दुमड घालायची, आर्डिथने तपासायची, आणि समितीने मागे बसून बघायचं. त्याआधी आर्डिथने डार्सीशी या विषयावर एक शब्दही बोलायचा नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आर्डिथ भांडी घासत होती आणि एमिल कोलाचे खात होता.

"एकतीस वर्षं मला ऐकवलंस," तो म्हणाला, "मी पोरींच्या कामाला हात लावत नाही. आणि लावायला दिवस कुठला निवडलास."

"गप खा."

"खातोच आहे. दुसरं काय करतोय परवापासून?"

आर्डिथने माझ्याकडे पाहिलं. "डार्सीला सगळ्यांसमोर बसवणार. ते पोरगं शिवताना जीभ बाहेर काढतं. माझ्या चुकीसाठी तिने का बसायचं?"

"तू तिला गुण जरा सढळ हाताने दिलेस तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"म्हणजे पुन्हा पाहुण्यांसाठी," आर्डिथ म्हणाली आणि नळ बंद केला.

मंगळवारी बारा मुली आपापल्या मशीनपाशी आणि डार्सी खिडकीजवळच्या टेबलावर. समोर राखाडी लोकरी कापड, खालची कड गोलाकार कापलेली. समिती मागच्या भिंतीपाशी. डीनही आले होते. त्यांच्या खिशातून मोजपट्टीचं टोक दिसत होतं. आर्डिथने दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले आणि बाहेर काढले नाहीत.

डार्सीला चाळीस मिनिटं लागली. दोनदा दोरा तुटला. एकदा सुई बोटात गेली आणि तिने ते बोट तोंडात घातलं. आर्डिथ टेबलाभोवती फिरत होती, खिशातल्या खिशात तिची बोटं हलत होती. एका जागी डार्सीने टाका फार ओढला, तेव्हा आर्डिथचा डावा खांदा आपोआप पुढे आला आणि पुन्हा मागे गेला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"झालं, बाई," डार्सी म्हणाली.

आर्डिथने सुईत लाल दोरा ओवला. कापड उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाला धरलं. पहिला लाल टाका घातला. मग दुसरा. जनेल माझ्या शेजारी उभी होती. प्रत्येक दोऱ्याला ती अंग चोरत होती, जणू सुई तिलाच टोचत होती. तिसरा. चौथ्या जागी आर्डिथ थांबली. सुई कापडावर धरून तिने बराच वेळ घालवला, मग घातलाच. पाचवा. सहावा. मग सुई खाली ठेवली.

डार्सीने कापड ओढून घेतलं आणि बघितलं. कानापर्यंत लाल झाली.

"बाई, हा चौथा मला मान्य नाही."

मागे कोणीतरी खुर्ची हलवली.

"का?"

"इथे कापड उरेब येतं, तिरप्या धाग्यावर. इथे टाका आवळला तर चुणी पडणार. तुम्हीच म्हणालात, उरेबवर सैल सोड, कापड स्वतः बसतं. म्हणून मी सैल सोडला. तो सुटलेला नाहीये, सोडलेला आहे."

आर्डिथने चष्मा पुसला. कापड खिडकीपाशी नेलं, दोन्ही बोटांत तिरपं ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. वर्गात एकही मशीन चालत नव्हतं. मग तिने चौथा लाल दोरा पकडून ओढून काढला.

"पाच," ती म्हणाली. "सी प्लस."

"मागच्या वेळी अकरा होते."

"मला मोजता येतं. बाकीचे पाच शुक्रवारपर्यंत."

व्हिटकमबाई पुढे आल्या. त्यांनी कापड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, पाचही जागा बोटाने तपासल्या, चौथी रिकामी जागाही तपासली. "मी पण पाचच धरले असते," एवढंच म्हणाल्या. डार्सीला वाटलं त्या गुण वाढवतील. नाही वाढवले.

समिती बुधवारी दुपारी गेली. निर्णय समिती सांगत नाही, परिषद नंतर कळवते. तोपर्यंतचे पाच महिने वाईट गेले. डीन दोनदा येऊन खोली मोजून गेले. दुसऱ्या वेळी सोबत विजेचा माणूस होता. आर्डिथ जनेलशी फार बोलायची नाही, तिच्या टेबलावर कॉफी ठेवून जायची. एकदा ती मला म्हणाली, "तो चौथा दोरा घालताना माझ्या मनात आलं, हा नको घालूया, खोली वाचेल. तसं मनात आलं म्हणूनच मी तो घातला. आणि नेमका तोच चुकीचा निघाला."

"मग काय शिकलीस?"

"काही नाही. ते कापड नीट बघायला हवं होतं."

पत्र मार्चमध्ये आलं. जनेलने ते सगळ्यांसमोर वाचलं. पूर्ण दहा वर्षांची मान्यता. पुराव्यात बदल झाल्याचं परिच्छेदभर, सरळ शब्दांत लिहिलं होतं. कोणाचं नाव नव्हतं. त्याखाली लिहिलं होतं की मूल्यमापन प्रत्यक्ष पाहिलं, ते काटेकोर आहे, आणि शिक्षिका विद्यार्थिनीचा युक्तिवाद ऐकून स्वतःचा निर्णय मागे घेऊ शकते हे विशेष नोंदवण्यासारखं आहे. शेवटी एकच अट: मुलींचं काम मुलींनी जसं ठेवलं तसंच जपावं, कुलूपबंद कपाटात, आणि वर्षभराने तीन नमुने परिषदेला दाखवावेत.

खोली राहिली. डीनना कंप्युटरसाठी दुसरा मजला मिळाला, आणि त्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, मोजपट्टी न आणता.

"कपाटाची चावी जनेलकडे राहील," आर्डिथ म्हणाली. "मला नको."

त्या वर्षीच्या शरद ऋतूत कच्च्या पातळीला एका नव्या मुलीचा स्कर्ट आला. तो मी अजून पाहिला नव्हता, तर आर्डिथने मला मुद्दाम बोलावून घेतलं. जनेलने कपाट उघडून दिलं आणि तिथेच उभी राहिली. स्कर्ट दांडीवर लटकत होता, आठ लाल दोरे, दुमड एका कडेला चांगली बोटभर खाली.

"हात लावायचा नाही," आर्डिथ म्हणाली. "बघायला बंदी लिहिलेली नाही."

"रोज येतात," जनेल मला म्हणाली. "दहा वाजता. पाच मिनिटं."

आर्डिथने हात पाठीमागे बांधले होते. ती वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली.

"तुला दिसतंय ना, लोइस? तिकडे, शिवणीपाशी, तिसऱ्या दोऱ्याच्या अलीकडे?"

मी बघितलं. दिसण्यासारखंच होतं. "दिसतंय," मी म्हटलं.

"परिषदेच्या लोकांनाही दिसेल?"

"आंधळ्यालाही दिसेल, आर्डिथ."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि जनेलला कपाट लावायला सांगितलं.